अडीच सूत

डेपोत नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी विचारायचा, "हे सूतमास्तर आधी कापडगिरणीत होते का?" मग कुणीतरी हसून सांगायचं की नाही बाबा, मास्तर चाळीस वर्षं लेथवरच आहेत, फक्त ते मिलिमीटर बोलत नाहीत. त्यांच्या लेखी जगात इंच होता, इंचाचे आठ भाग होते आणि त्या एका भागाला सूत म्हणतात. दाराची फट एक सूत, बायकोच्या कपाळावरची आठी अर्धं सूत आणि नवीन साहेब शहाणपणाला नेहमी दोन सूत कमी.

डेपो बसगाड्यांचा होता. मास्तर तिथे लागले तेव्हा कारखान्यातली सगळी यंत्रं परदेशातून आलेली जुनी होती आणि ती इंचात चालायची. पुढे देशानं मिलिमीटर स्वीकारले, गाड्या बदलल्या, यंत्रं बदलली. मास्तरांनी तेवढे बदल पचवले, पण मनातल्या मनात. कागदावरचं मिलिमीटरचं माप ते आधी सुतात फिरवायचे, मग काम करायचे आणि चुकायचे नाहीत. तरी काळ पुढे गेला तो गेलाच. नवीन लेथ आले तसा त्यांचा जुना लेथ कोपऱ्यात सरकला, त्यावर गोणपाट पडलं आणि मास्तरही हळूहळू त्या कोपऱ्यातल्या सामानासारखे झाले. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण युद्ध सुरू झालं, तरणी माणसं आघाडीवर गेली आणि म्हाताऱ्यांना कुणी घरी जा म्हणेना.

कारखान्याचा प्रमुख त्यांचा जावई होता. योगायोगच, मुलीनं लग्न ठरवलं तेव्हा तो दुसऱ्या गावच्या डेपोत होता. स्फोटात जावयाच्या इमारतीचा जिना कोसळला, तेव्हापासून लेक आणि जावई मास्तरांच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. त्यामुळे घरी सासऱ्याचं छप्पर आणि कामावर जावयाचं. मास्तर डेपोच्या फाटकात शिरले की जावयाला मुद्दाम 'साहेब' म्हणायचे. जावई घरी 'बाबा' म्हणायचा आणि डेपोत 'मास्तर'. मास्तरांची बायको म्हणायची, "दोघं एकाच सायकलवरून जाता, मधल्या कोणत्या खांबाशी नाती बदलता ते मला एकदा दाखवा."

लेक युद्धाआधी शाळेची बस चालवायची. आता जखमींची गाडी चालवत होती. पहिले आठ महिने ती गाडी म्हणजे पाववाल्याची जुनी व्हॅन होती. आत गाद्या टाकलेल्या, पत्रा इतका पातळ की गोळी एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघून जाई. त्या आठ महिन्यांत तिनं किती माणसं आणली हे ती सांगायची. किती पोचली हे नाही.

मग मदत आली. लांबच्या एका देशानं डेपोला नऊ रुग्णवाहिका पाठवल्या. हिरवट रंगाच्या, पेटीसारख्या चौकोनी, दोन्ही बाजूंना जाड पोलाद. फाटकात कुणीतरी भाषण केलं, फोटो निघाले. लेकीला चावी मिळाली तेव्हा ती चालकाच्या जागेवर बसली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ उघडलं नाही. जावई काचेवर टकटक करायला गेला तर तिनं आतून हात हलवून त्याला परत पाठवलं. नंतर म्हणाली, "बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. बसावंसं वाटलं."

गाड्यांसोबत चारशे पानी पुस्तिका आली. त्यात लिहिलं होतं की मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा, ज्याला सगळे शाफ्ट म्हणतात, तो ज्या चार बोल्टवर धरलेला असतो ते बोल्ट एकदा काढले की परत लावायचे नाहीत, नवे घालायचे. नवे बोल्ट दुसऱ्या खेपेत येणार होते. दुसरी खेप तिकडच्या सभागृहात अडकली. तिथे कुणाचं तरी कुणाशी बिनसलं होतं, मतदान पुढच्या आठवड्यावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. डेपोतला रेडिओ रोज तीच बातमी द्यायचा आणि हातात पाना घेतलेली माणसं दुसऱ्यांच्या देशातल्या मतांची बेरीज-वजाबाकी करत उभी राहायची.

"त्यांचा पुढचा आठवडा उजाडतो कधी?" मास्तरांची बायको म्हणायची. "दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं म्हणजे असंच."

"दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, आई," जावई म्हणायचा.

"मोजत नाही हो. पण पडले तर नवे कुठून आणायचे, एवढंच विचारते."

त्याच सुमारास मास्तरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. वर्षभर लांबलेलं. डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि सांगितलं की दहा दिवस कामावर जायचं नाही आणि महिनाभर खाली वाकायचं नाही. मास्तर खुर्चीत ताठ बसून राहिले. खाली काही पडलं तर ते त्याच्याकडे नुसते बघायचे, कुणीतरी उचलेपर्यंत.

नवव्या दिवशी दुपारी लेक जेवायला आली. उभ्यानंच उकडलेले बटाटे खात होती.

"गाडी कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"गाडी काय, रणगाडाच तो. पण परवा सर्व्हिसिंग झाल्यापासून जरा जोरात गेलं की बुडाखाली थरथरतं."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं ना. म्हणाला, नवे बोल्ट आहेत, बसायला वेळ लागेल."

जावई शेजारीच बसला होता. ताटातून मान वर न करता म्हणाला, "लागतोच."

"नव्या चपलाही चावतात म्हणे," लेक म्हणाली. "फक्त चप्पल तुटली तर माणूस अनवाणी चालतो." तिनं नवऱ्याच्या ताटातला एक बटाटा उचलला आणि निघून गेली.

मास्तरांना चैन पडेना. दुसरी खेप आलीच नव्हती. मग नवे बोल्ट आले कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पायात बूट घातले. बायको दारात आडवी उभी राहिली.

"दहा दिवस म्हणालेत डॉक्टर."

"आज दहावाच आहे."

"दहा संपल्यावर, अहो."

"नुसता बसून येतो. तिथेही खुर्ची आहे."

डेपोत पोचेपर्यंत साडेदहा वाजले. जावई ऑफिसात फोनवर होता. मास्तर रुग्णवाहिका खालून दुरुस्त करायच्या खड्ड्यापाशी गेले. तिथल्या तेलाच्या ट्रेमध्ये नट, वॉशर, चिंध्या असं सगळं पडलेलं. ट्रे टेबलावर होता म्हणून वाकावं लागलं नाही. त्यांनी बोट फिरवलं आणि ते थांबलं. बोटाला बारीक, चमकदार कीस लागला होता. ताजा. लेथखाली असा कीस पडला तर ठीक. पण जिथे नुसते बोल्ट पिळायचे तिथे लोखंड कुणी कापलं?

त्यांनी ट्रेमधून गाडीचा मूळ, काढून टाकलेला एक बोल्ट शोधला. शेजारच्या डब्यातून नवा घेतला. जाडी बोटांना सारखीच लागली. दोन्ही बोल्ट त्यांनी एकमेकांवर आडवे ठेवले, आटे आट्यांत, आणि उजेडाकडे धरले. एकच डोळा, पण तेवढा पुरेसा होता. मग नखानं आटे चाचपले. मग ऑफिसात गेले आणि जावयानं फोन ठेवेपर्यंत थांबले.

"साहेब, हे बोल्ट किती मापाचे?"

"आठ मिलिमीटर. आपल्या स्टोअरमधले. त्यांचे आले नाहीत ना. मापून बघितलं, जाडी जुळत होती."

"त्यांचा आठ नाही. अडीच सूत आहे."

जावयानं कंटाळून मान हलवली. "मास्तर, फरक केसाएवढासुद्धा नाही."

"जाडीत नाही. धरा हे." त्यांनी दोन्ही बोल्ट त्याच्या हातात दिले. "दातात दात बसवा आणि उजेडात बघा."

जावयानं बघितलं. पहिला दात बसला होता, दुसरा बसला होता. तिसरा चढला होता. पुढच्या दातांमधून खिडकीचा उजेड आरपार दिसत होता.

"आठचा बोल्ट अडीच सुताच्या भोकात दोन फेरे जातो," मास्तर म्हणाले. "मग अडतो. अडला की तुमच्या माणसांनी काय केलं?"

"मोठा पाना लावला." जावयाचा आवाज बारीक झाला. "घट्ट बसला म्हणून खूश झालो आम्ही. मीच म्हणालो, उत्तम."

"घट्ट बसला नाही. अडकला. आतले आटे कापत गेला. त्याचा कीस ट्रेमध्ये पडलाय." मास्तरांनी बोटाला लागलेला कीस त्याला दाखवला. "किती गाड्यांना लावले?"

"तीन. दोन इथेच उभ्या आहेत."

तिसरी कोणती हे मास्तरांनी विचारलं नाही. जावई खुर्चीवरून उठला होता आणि कुठे जायचं हे न कळून तिथेच उभा होता. आठ वर्षांत पहिल्यांदा डेपोत 'साहेब' विसरून मास्तर त्याला म्हणाले, "अरे, बसू नकोस आणि उभाही राहू नकोस. फोन कर."

कंट्रोल रूममधल्या बाईनं सांगितलं की गाडी नऊला निघाली. नदीकाठच्या रस्त्यावर फोन बंद ठेवायचा नियम होता. फोनच्या लहरी पकडून शत्रू तिकडून तोफ डागायचा. परतताना फाट्यावरच्या पेट्रोल पंपापाशी आल्यावर ती फोन सुरू करते. दीडच्या आसपास. त्याआधी तिला गाठायचा काही मार्ग नाही.

"जाताना रिकामी असते," जावई म्हणाला. "येताना भरलेली. वजन वाढेल." साठच्या वेगानं जाताना शाफ्ट सुटून पुढचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी काठीवर उडी मारणाऱ्या माणसासारखी उचलली जाते, हे दोघांनाही माहीत होतं.

"दहाचे कडक बोल्ट आहेत?" मास्तरांनी विचारलं.

"पेटीभर."

"त्यांचे आटे उतरवून टाकू. आत अडीच सूत शिल्लक राहतं. मग त्यावर नवे आटे पाडू. माझ्या पेटीत त्या मापाची डाय आहे."

लेथवरचं गोणपाट जावयानं ओढून काढलं. मास्तरांनी पहिला बोल्ट धरला, यंत्र सुरू केलं आणि पट्टी बांधलेल्या डोळ्यानं त्यांचा घात केला. हत्यार लोखंडापासून किती लांब आहे हेच कळेना. एका डोळ्याला खोली दिसत नाही. पहिला बोल्ट वाया गेला. दुसराही.

"तू ये इथे," ते म्हणाले. "तू बघ. मी ऐकतो."

"मला इंचाची चकती वाचता येत नाही."

"आकडे वाचता येतात ना? मी सांगेन त्या रेघेवर थांब."

मग जावई चाकावर हात ठेवून उभा राहिला आणि मास्तर त्याच्या मागे, मान किंचित तिरकी करून, जणू शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकताहेत. लोखंड कापलं जाताना आवाज येतो. हत्यार नीट चालत असेल तर तो एकसारखा असतो, घाई केली की किंचाळतो. "हळू," मास्तर म्हणायचे. "आता थोडं. अजून एक रेघ. आता सोड." मध्येच म्हणाले, "एक सूत लांब ठेवू. भोकाच्या आतल्या टोकाचे आटे अजून कुणी बिघडवले नसतील, तिथपर्यंत पोचायला हवं."

साडेबारापर्यंत सहा बोल्ट झाले. जावयानं एक उचलला आणि मूळ बोल्टाच्या दातांत बसवून उजेडात धरला. काही दिसलं नाही. कुठूनही उजेड येत नव्हता.

पेट्रोल पंप चौदा किलोमीटरवर होता. डेपोची जीप घेऊन ते एकला पोचले. पंपाच्या मालकाकडे विकायला पेट्रोल नव्हतं, तरी तो रोज येऊन बसायचा. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या. मास्तर बसले. जावई रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.

दीड वाजला. मग पावणेदोन.

"कुणाची वाट बघताय?" मालकानं विचारलं.

"मुलीची."

"आणि ते?"

"घरी जावई, डेपोत साहेब. इथे कोण ते अजून ठरलं नाही," मास्तर म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे बघू लागले.

दोनला दहा कमी असताना वळणावर हिरवं काहीतरी दिसलं. इतकं हळू येत होतं की आधी ते उभंच आहे असं वाटलं. मग आवाज आला, खालून कुणीतरी हातोडीनं ठोकत असल्यासारखा, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. जावई दोन्ही हात वर करून धावत सुटला. गाडी पंपाच्या छपराखाली येऊन थांबली. लेकीनं दार उघडलं. चेहरा पांढरा पडलेला.

"पुलापासून ठोकतंय. वीसच्या वर नेली नाही." मग तिला दोघं नीट दिसले. "तुम्ही इथे कसे? बाबा, डोळा!"

"डोळा जागेवर आहे. आत किती आहेत?"

"दोन. एकाचं रक्त थांबत नाहीये."

जावई खाली शिरला. मास्तर वाकू लागले तशी मागचं दार उघडून नर्स ओरडली, "आजोबा, वाकायचं नाही. पट्टी दिसतेय मला." ते सिमेंटवर मांडी घालून ताठ बसले आणि हत्यारांची पेटी मांडीवर घेतली.

"तीनच आहेत," गाडीखालून आवाज आला. "एक पडलाय. दुसरा बोटानं निघतोय."

"सगळे काढ. आधी भोकातल्या आट्यांत टॅप फिरव, हलक्या हातानं. मळलेली वाट साफ करायचीय, नवी पाडायची नाही."

मागच्या उघड्या दारातून एका जखमीनं विचारलं, "काय चाललंय?"

"बोल्ट बदलतोय," नर्स म्हणाली.

"माझ्या गुडघ्याचाही बघा म्हणावं."

"त्याचं माप घ्यावं लागेल," मास्तर खालूनच म्हणाले आणि गाडीखाली वळले. "हां रे, आता बोल्ट लाव. बोटानं. पाना नाही."

लेक नवऱ्याच्या बुटांकडे बघत उभी होती. बाहेर तेवढेच दिसत होते.

"एक फेरा," जावई म्हणाला. "दोन."

मास्तरांनी मान तिरकी केली, लेथपाशी केली होती तशी.

"तीन. चार... जातोय, बाबा. पाच. बोटानंच जातोय."

"जाऊ दे. शेवटपर्यंत जाऊ दे."

चार बोल्ट लागायला वीस मिनिटं लागली. जावई बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर तेल होतं. लेकीनं ते अंगठ्यानं पुसलं, नीट पुसलं गेलं नाही, आणि ती चढली. गाडी पंपावरून बाहेर पडली, दुसऱ्या गिअरमध्ये गेली, तिसऱ्या. ठोकण्याचा आवाज नव्हता. झाडांआड गेल्यावर इंजिनाचाही ऐकू येईना.

जावई परत सिमेंटवर आडवा झाला. आता वर गाडी नव्हती, नुसतं पंपाचं छप्पर होतं. "पाच मिनिटं," तो म्हणाला. मास्तर त्याच्याशेजारी ताठ बसून राहिले. पंपाच्या मालकानं दोघांना पाणी आणून दिलं. पंचवीस मिनिटांनी कंट्रोल रूमच्या बाईचा फोन आला. तिनं एवढंच सांगितलं, "पोचली. दोघंही पोचले. रक्त थांबलं."

जावयानं लगेच दुसरे फोन सुरू केले. आडवा असतानाच. तशाच गाड्या आणखी सहा डेपोंना मिळाल्या होत्या. त्यातल्या चार ठिकाणी आठचेच बोल्ट लावले होते. चारही ठिकाणी ते दोन फेरे गेले होते, अडले होते, आणि चारही ठिकाणच्या लोकांना वाटलं होतं, छान घट्ट बसले. प्रत्येकाला तो सांगत होता, "चूक माझ्याकडून झाली, तुमच्याकडून झाली असेल तर गाडी थांबवा." एका प्रमुखानं विचारलं की हे अडीच सूत म्हणजे काय. जावई म्हणाला, "माणूस पाठवतो. पण त्याला खुर्ची द्या, वाकायला लावू नका."

मतदान पुढे तीन आठवड्यांनी झालं. मदत मंजूर झाली. पुठ्ठ्याच्या खोक्यात तेलाच्या कागदात गुंडाळलेले बोल्ट आले, एकेक सारखा, सुंदर. मास्तरांनी एक हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "आपल्यापेक्षा चांगले आहेत." त्यांच्या आवाजात हेवा नव्हता. ती गाडी नसती तर नदीकाठचे ते दोघे जखमी पाववाल्याच्या व्हॅनमध्ये वाटेतच गेले असते. गाडी होती, पण बोल्ट नव्हता, म्हणून त्यांची लेकही जाता जाता वाचली. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि मास्तरांना त्यातली कोणतीही दुसरीतून वजा करावीशी वाटत नव्हती. पहिल्याच दिवशी गाड्या घेताना मापं विचारून घ्यायला हवी होती, एवढं ते म्हणत. लाजेनं विचारली नाहीत. देणाऱ्याला प्रश्न कसा विचारायचा, असं सगळ्यांना वाटलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास लेक घरी आली, बुटांसकट खुर्चीत बसली आणि बसल्या जागी तिला झोप लागली. जावयानं तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मास्तरांची बायको नवऱ्याच्या डोळ्यावरची मळलेली पट्टी बदलत होती.

"नुसतं बसून येतो म्हणाला होतात."

"बसूनच होतो. विचार जावयाला."

"डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं होतं."

"मी नाही वाकलो. जावईबापू वाकले."

"आडवाच झालो होतो, आई," जावई दबक्या आवाजात म्हणाला आणि बूट हळूच जमिनीवर ठेवले. झोपेत लेकीनं पाय खुर्चीवर ओढून घेतले. सासूनं त्याला खुणेनं पांघरूण दाखवलं. त्यानं ते तिच्या अंगावर घातलं आणि तिथेच, खुर्चीच्या पायाशी टेकून बसला.

मास्तर एका डोळ्यानं त्या दोघांकडे बघत राहिले. बायको पट्टी चिकटवत म्हणाली, "हलू नका."

"नाही हलत," ते म्हणाले.